एका दरवाज्यासाठी संभाजीनगर: नाशिकच्या एका ज्येष्ठ गटाच्या सहलीचा प्रकरण अभ्यास

जुन्या शहराचा दरवाजा बघायला गट घेऊन जायचं, तर काय काय ठरवावं लागतं आणि त्यातलं काय निभतं, ते इथे मांडलं आहे. सहल नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला गेली होती. नियोजनाच्या बैठकांना आणि सहलीला मी होतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचे परिणाम मात्र जसे घडले तसेच आहेत.

पार्श्वभूमी

गट पंचवटीतला. तीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. रविवारी सकाळी जमायचं, कुणीतरी काही वाचून यायचं, त्यावर बोलायचं आणि वर्षातून एकदा बाहेर पडायचं, असा शिरस्ता. संयोजन एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. वयाने मोठे असलेलेही त्यांना ‘बाई’च म्हणतात. प्रवासाचं सगळं एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेल्या काकांकडे.

सहलीची कल्पना निघाली ती रामशेजवरून. नाशिककरांना रामशेज नवा नाही. दिंडोरीच्या वाटेला, आशेवाडीजवळचा हा किल्ला तसा बुटका. चढण फार नाही, भोवती दाट जंगल नाही. मोगलांनी १६८२ मध्ये त्याला वेढा घातला तो चार दिवसांत उरकेल या हिशेबाने, आणि किल्ला त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. पावसाळ्यात गट पायथ्यापर्यंत जाऊन आला होता. तिथे एका आजोबांनी विचारलं, “हे सगळं चाललं होतं तेव्हा बादशहा स्वतः कुठे होता?”

उत्तर पुढच्या रविवारी बाईंनी आणलं. औरंगजेब मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत येऊन दाखल झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १६८१ च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं होतं. मोगलांचं एवढं श्रीमंत शहर तीन दिवस मराठ्यांच्या हातात राहतं, तर औरंगाबाद किती सुरक्षित, हा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता. औरंगाबादभोवतीचा तट उभा राहिला तो याच १६८२ सालात, मराठ्यांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी.

म्हणजे एकाच वर्षी इकडे आपल्या अंगणातला किल्ला वेढला जात होता आणि तिकडे वेढणाऱ्याच्या शहराला भिंत घालावी लागत होती. गटाला हे भिडलं. “मग ती भिंत बघू या,” असं ठरलं. तट आता सलग उरलेला नाही, पण त्याचे दरवाजे आहेत. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून संभाजीनगरची ख्याती आहे, त्यामुळे दरवाजेच बघायचे हे ओघाने आलं.

अडचण

पहिला आराखडा असा होता: शनिवारी पहाटे बसने निघायचं, दहा दरवाजे बघायचे, बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकायची आणि रात्री घरी. यादी तयार होती. भडकल, मकाई, दिल्ली, पैठण, रंगीन, काळा, कटकट, रोशन, जाफर, महमूद. यादी बघून सगळे खूश होते.

काकांनी कागद पुढे ओढला. निफाड, येवला, वैजापूर करत जायचं तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. मध्ये चहा, मध्ये स्वच्छतागृह. जायला चार तास, यायला चार. हातात राहिले पाच-सहा तास, त्यात जेवण. “तीस माणसं बसमधून उतरायला दहा मिनिटं आणि चढायला दहा. गुडघेवाल्यांना घाई करता येत नाही. दहा दरवाज्यांना फक्त चढउतारच तीन-साडेतीन तासांची झाली. बघणार कधी?”

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता. बस उभी कुठे करायची? हे दरवाजे किल्ल्यावरचे नाहीत, चालत्या शहराच्या मध्यात आहेत. पैठण दरवाज्याला भर बाजारपेठेने वेढलंय. मकाई दरवाज्याच्या कमानीतून तर रोजची रहदारीच जाते, आणि मोठी बस तिथून नेण्याचा विचारही करायला नको. तिकीट नाही, कुंपण नाही, वाहनतळ नाही, बसायला बाक नाही. जे पर्यटनस्थळ म्हणून राखलेलं असतं तिथे या गोष्टी आपोआप मिळतात. इथे त्या नियोजनात धराव्या लागतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिसरी अडचण वेगळीच होती आणि ती बैठकीत उघडपणे बोलली गेली हे बरं झालं. एका सदस्यांनी स्पष्ट म्हटलं, “औरंगजेबाने बांधलेली भिंत बघायला आपण पैसे खर्चून का जायचं?” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. यावर हसून विषय बदलता आला असता, किंवा ‘इतिहास हा इतिहास असतो’ असं काहीतरी गुळमुळीत बोलून पुढे जाता आलं असतं. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्या म्हणाल्या, “ती का बांधली ते बघायला जायचं. भीती नसती तर कुणी एवढा दगड रचला असता का?” आणि मग त्यांनी असंही सांगितलं की त्या शहराची सुरुवात औरंगजेबापासून होतच नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं. मोगलांना वर्षानुवर्षं झुलवणारा, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला. भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये उभारला तो मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून.

त्या सदस्यांचं पूर्ण समाधान झालं असं म्हणता येणार नाही, पण ते सहलीला आले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच: वाद टाळायचा नाही, तो निघण्याआधी घरच्या बैठकीत होऊ द्यायचा. तीच कुरबुर तिथे, भर रस्त्यात, अनोळखी लोकांसमोर निघाली असती तर ते कुणालाच शोभलं नसतं.

समोरचे पर्याय

बसने दहा दरवाजे हा पर्याय काकांच्या कागदाने मोडीत निघाला होता, तरी त्याला मतं होती. एवढ्या लांब जायचं तर शक्य तेवढं बघून यावं, हे म्हणणं चुकीचं नाही. बऱ्याच जणांचं पुन्हा जाणं होणार नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

दुसरा पर्याय दौलताबादचा. तोही कोटाच्या आतला गाव होता. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक तट आहेत. महाकोटाच्या दरवाज्यांवर हत्तीची धडक थोपवायला बसवलेले लोखंडी खिळे आजही बघायला मिळतात. एका दरवाज्यातून शिरलं की वाट वळते, पुढे पुन्हा दरवाजा. शत्रूला सरळ धावताच येऊ नये अशी रचना. तिथे वाहनांचा त्रास नाही, तिकीट काढून निवांत फिरता येतं. दरवाजा कसा लढतो हे शिकायचं तर दौलताबादसारखी जागा नाही, आणि वेरूळ, घृष्णेश्वरही त्याच वाटेवर. त्र्यंबकेश्वराच्या पंचक्रोशीतल्या माणसांना दुसऱ्या ज्योतिर्लिंगाची ओढ असणारच. हा पर्याय खरोखर भक्कम होता.

मग तो का नाही घेतला? दौलताबादला जो दरवाजा बघतो तो किल्ल्याचा. तिथून आता कुणी दूध घेऊन जात नाही, शाळेला जात नाही. आणि रामशेजवरून जो प्रश्न निघाला होता तो शहराच्या तटाचा होता. बाईंचा आग्रह असा की प्रश्न एक आणि सहल भलतीकडे, असं व्हायला नको.

तिसरा पर्याय त्यांनीच मांडला. मुक्काम करायचा. रविवारी सकाळी, रहदारी वाढायच्या आत, एकच दरवाजा बघायचा. पण तो नीट: शहराबाहेरून यायचं, नदी ओलांडायची, आणि पायी आत शिरायचं. तटाला मुख्य दरवाजे चार होते. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का म्हणजेच मकाई. यातला मकाई निवडायचं कारण खाम नदी. तिथे नदी, नदीवरचा जुना पूल आणि पूल संपतो तिथेच दोन्ही अंगांना बुरूज असलेला दरवाजा, हे सगळं एका नजरेत मावतं.

“एक दरवाजा?” असं चार जणांनी एकदम विचारलं.

निर्णय

एका दरवाज्याला आणखी एक जोडला गेला, भडकल. कारण मकाईतून आत शिरून टाऊन हॉलच्या दिशेने चालत राहिलं की तो येतोच, मुद्दाम वाकडी वाट करावी लागत नाही. बाकी यादी सोडली. यावर मतदान झालं आणि ते फार मोठ्या फरकाने झालं नाही.

बस सोडून रेल्वेने जायचं ठरलं. नाशिकरोडहून तपोवन एक्स्प्रेस मनमाडमार्गे जाते आणि दुपारी संभाजीनगरला पोचवते; दुसऱ्या दिवशी परतीची गाडीही दुपारचीच. गाडीत स्वच्छतागृह असतं, पाय मोकळे करता येतात आणि बस कुठे उभी करायची हा प्रश्नच उरत नाही. गावात फिरायला रिक्षा. या वयाच्या गटासाठी रेल्वेचा निर्णय अगदी योग्य ठरला.

तारखेवर दोन बैठका गेल्या. सर्वांना संक्रांतीच्या आगेमागे सोयीचं होतं. पण १४ जानेवारी हा तिथे नामविस्तार दिन. १९९४ मध्ये त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, आणि तेव्हापासून विद्यापीठाच्या कमानीला वंदन करायला लोक लोटतात. मकाईवरून जाणारा रस्ता विद्यापीठाकडेच जातो. “त्या दिवशी तो रस्ता त्या लोकांचा,” असं बाई म्हणाल्या. सहल फेब्रुवारीत गेली. परगावच्या दरवाज्याला जायचं तर त्या गावाचं पंचांगही बघावं लागतं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती ‘तिथे बोलायचं किती’ यावर. नेहमीची पद्धत अशी की माहिती देणारा मध्ये उभा राहतो आणि बाकीचे गोल करून ऐकतात. रहदारीच्या कमानीखाली हे करणं धोक्याचं आणि ऐकूही काही येत नाही. म्हणून बोलणं सगळं आदल्या संध्याकाळी, मुक्कामाच्या ठिकाणी. दरवाज्यापाशी फक्त बघायचं. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला. पुलावरून येणाऱ्याला कमानीतून आतलं किती दिसतं? बुरुजावर उभा असलेला माणूस पुलावरच्या कुठल्या जागेपर्यंत मारा करू शकेल? दगड कुठे संपतो आणि वीट-चुना कुठे सुरू होतो? आतल्या अंगाला पहारेकऱ्याने बसावं अशी जागा कुठली? उत्तरं तिथे द्यायची नाहीत, चहाला बसल्यावर द्यायची.

प्रत्यक्षात काय झालं

शनिवारी दुपारी पोचल्यावर पाणचक्की बघितली. ती योजनेत भर म्हणून होती, पण उपयोगी पडली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात काही किलोमीटरवरून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं आणि त्या जोरावर जातं फिरत असे. नळाने पाणी आणण्याची ही परंपरा मलिक अंबरच्या नहरीपासूनची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या पाटापासूनची. तटाच्या आतल्या शहराला सगळं दरवाज्यातून आणता येतं, पाणी मात्र जमिनीखालून आणावं लागतं. ही जोड रात्रीच्या बोलण्यात आपोआप आली.

रविवारी सकाळी साडेसहाला रिक्षा सांगितल्या होत्या. बेगमपुऱ्याच्या बाजूने फिरून पुलाच्या पलीकडे, म्हणजे शहराबाहेरच्या अंगाला सोडायचं, असं काकांनी प्रत्येक चालकाला समजावलं. एका चालकाला ते पटेना. “काका, म्हातारी माणसं आहेत, दरवाज्याच्या आतच सोडतो की. कशाला चालवताय त्यांना?” तो काळजीनेच बोलत होता. काकांनी त्याला सांगितलं की आम्हाला बाहेरून आत चालत यायचंय, त्यासाठीच आलोय. तो थोडा थांबला आणि मग त्याने रिक्षा पुलाच्या तोंडाशी अशी लावली की आमच्यातल्या गुडघेदुखीच्या आजींना उतरल्यावर रस्ता ओलांडावा लागू नये.

मकाईचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळी बाहेरचं अंग सावलीत असतं आणि ऊन शहराच्या बाजूने येतं. आम्ही पुलावर उभे होतो तेव्हा तट-बुरूज काळसर दिसत होते आणि कमानीच्या पोटातून मात्र उजेड येत होता. तटाच्या माथ्यावरच्या चर्या, म्हणजे दगडी कंगोरे, आभाळावर उठून दिसत होत्या. फोटोंच्या दृष्टीने हे गैरसोयीचं, आणि दोघांनी तसं बोलूनही दाखवलं. पण बाहेरून आलेल्या माणसाला हा दरवाजा कसा वाटत असेल ते त्या सावलीत जास्त कळलं. समोर नदी आडवी. पलीकडे जायला पुलाएवढीच वाट. पुलावर पाऊल ठेवलं की दोन्ही बुरुजांच्या टप्प्यात आलात. लपायला जागा नाही. रामशेजच्या पायथ्याशी ज्यांनी प्रश्न विचारला होता ते आजोबा म्हणाले, “इथे वेढा घालायला आपलं कुणी आलं असतं तर इथेच मेलं असतं.”

पहिली पंधरा-वीस मिनिटं ठरल्याप्रमाणे गेली. मग दुचाक्या वाढल्या. त्या रविवारी विद्यापीठाच्या बाजूला कुठलीशी परीक्षा होती. मुलं-मुली, मागे बसलेले पालक, हातात प्रवेशपत्रं, सगळे घाईत, आणि सगळे गावातून बाहेर, म्हणजे आमच्या समोरून. एकट्या कमानीत दोन्हीकडची रहदारी. हॉर्न आत घुमतो आणि दुप्पट होतो. आमच्यातले निम्मे तोवर कमानीच्या तोंडाशी, निम्मे अजून पुलावर, आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी नेमक्या मध्ये.

निर्णय तिथेच घ्यावा लागला. परत फिरायचं की पुढे जायचं? बाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी दोन्ही हात वर करून पुलावरच्यांना जागेवर थांबवलं, कमानीपाशी असलेल्यांना एका अंगाने, एकामागे एक, भिंतीला खांदा लावून आत जायला सांगितलं. मग पाच-सहा जणांची एक तुकडी, गाड्यांना जागा देत, मग दुसरी. आजींच्या बाजूने ते स्वतः चालले. एक दुचाकीवाला मुलगा थांबला, त्याने मागच्यांनाही हाताने थांबवलं आणि आजी पार झाल्यावर मगच निघाला. त्याची परीक्षा चांगली गेली असो.

असं भिंतीला लागून गेल्यामुळे एक गोष्ट दिसली जी मध्यातून गेलो असतो तर दिसली नसती. कमानीच्या आतल्या दगडांवर आडवे ओरखडे आहेत, काही ताजे, पांढरट, काही धुराने काळे झालेले. काका आत पोचल्यावर पुन्हा त्या भिंतीपाशी गेले. गुडघ्याच्या उंचीवरचे ओरखडे रिक्षाच्या चाकावरच्या पत्र्याचे, त्यांनी बोट ठेवून दाखवलं. छातीच्या उंचीवरचे टेम्पोच्या फाळक्याच्या कोपऱ्याचे. आणि त्याहून वरचे, खोल गेलेले, ते ट्रकचे. चालकाने शेवटच्या हातभर अंतरावर अंदाज सोडला की असे पडतात. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने ती भिंत वाचून दाखवली. सांध्यात पिंपळाचं रोप रुजलं होतं, त्याच्या मुळाने एक दगड बोटभर बाहेर ढकलला होता. तोफेसाठी बांधलेल्या दरवाज्याला पिंपळ आणि टेम्पो जास्त भारी पडतात.

आतल्या बाजूला चहाची टपरी होती. तिथल्या गृहस्थांनी बाकडी बाहेर काढली, आजींना खुर्ची दिली. जोड्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. सगळ्यांना सगळं बघता आलं नव्हतं. पुलावर अडकलेल्यांचे प्रश्न तसेच राहिले. तरी बुरुजाच्या माऱ्याच्या प्रश्नावर जो वाद रंगला तो ऐकून टपरीवाले मध्ये पडले आणि त्यांनी विचारलं, “तुम्ही नाशिकहून फक्त आमचा दरवाजा बघायला आलात? तुमच्याकडे नाहीत का दरवाजे?”

कुणीतरी म्हणालं, आहेत ना, दिल्ली दरवाजा आहे, त्र्यंबक दरवाजा आहे, नाव दरवाजा आहे. म्हणालं आणि गप्प झालं. कारण ही नावं आम्ही सगळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. तिथे दरवाजा म्हणून काय आहे किंवा काय होतं, वाट कुठून कुठे जायची, हे बघायला तीसेक जणांतलं कुणी कधी थांबलं नव्हतं.

तिथून टाऊन हॉलकडे चालत भडकलला गेलो. आजी आणि आणखी तिघी रिक्षाने. भडकल भव्य आहे, आणि मकाईनंतर बघितल्यामुळे त्याचा वेगळेपणा लगेच कळतो. हा दरवाजा तटाच्या सत्तर वर्षं आधीचा. तो कुणाला अडवायला बांधलेला नाही. विजयाची खूण म्हणून बांधलाय. कमानी मोकळ्या, ऐसपैस, सगळीकडून आतबाहेर करता येईल अशा. दरवाजा म्हटलं की संरक्षण, हे समीकरण मकाईपाशी पक्कं झालं होतं, ते इथे सुटलं. जवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. ‘औरंगजेबाची भिंत कशाला’ असं विचारणारे सदस्य भडकलसमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी बाईंना मलिक अंबरवर मराठीत वाचायला काय मिळेल ते विचारलं.

निष्पत्ती

दुपारच्या गाडीने सगळे सुखरूप परत आले. कुणी पडलं नाही, कुणाची तब्येत बिघडली नाही. या वयाच्या गटात ही पहिली मोजायची गोष्ट.

सगळे समाधानी होते असं नाही. दोघांना वेरूळ इतकं जवळ असून राहिलं याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते पुढच्या रविवारी सांगितलं. फोटोवाल्यांची तक्रार कायम आहे. एका बाईंनी मात्र असं सांगितलं की आजवरच्या सहलींतलं त्यांना इतक्या दिवसांनी नीट आठवतं ते या एकाच सहलीतलं, कारण त्यांच्या चिठ्ठीवरचा प्रश्न अजून त्यांच्या पर्समध्ये आहे आणि त्याचं उत्तर त्यांना पटलेलं नाही.

टपरीवाल्यांचा प्रश्न गटाने सोबत आणला. जुन्या नाशिकमध्ये दरवाज्यांच्या नावांच्या जागा पायी जोडत जायचं सुरू झालं आहे. तिथल्या जुन्या रहिवाशांशी बोलायचं, कुठली वाट कुठल्या गावाला निघायची ते विचारायचं, लिहून ठेवायचं. मला हे सहलीपेक्षा मोठं वाटतं.

वेगळं काय करता येईल

आधी एकाने जाऊन बघून येणं. आम्ही नकाशा, छायाचित्रं आणि संभाजीनगरच्या नातेवाइकांच्या फोनवर विसंबलो होतो. एक माणूस आधीच्या एखाद्या रविवारी सकाळी तिथे तासभर उभा राहिला असता, तर कमानीतली रुंदी, थांबायच्या जागा आणि टपरी हे सगळं हातात असतं. परीक्षा त्यालाही कळली नसती, पण गट पुलावर दोन भागांत आधीच विभागता आला असता.

तीस माणसं एका कमानीला जास्त होतात. पंधरा-पंधराचे दोन गट करून एकाला आधी भडकल आणि दुसऱ्याला आधी मकाई असं उलटसुलट फिरवणं सोपं होतं. मात्र त्यासाठी काकांसारखी दोन माणसं लागतात. आमच्याकडे एकच होते, आणि हा मुद्दा कुठल्याही गटाने मनुष्यबळ मोजताना धरावा. रहदारीत माणसं पार करणं हे काम जोर असलेल्याचं नाही, सवय असलेल्याचं आहे.

सकाळ की संध्याकाळ, यावर माझं मत गटातल्या काहींपेक्षा वेगळं आहे. फोटो हवे असतील तर मकाईचं पश्चिमेकडचं अंग दुपारनंतर उजळतं, हे खरं. पण त्या वेळच्या गर्दीत ज्येष्ठांना कमानीत नेऊ नये. फोटोवाल्या दोघा-तिघांनी शनिवारी संध्याकाळीच पुलापलीकडे जाऊन यावं, बाकीच्यांनी सकाळी, असं वाटून घेता येतं. मुक्काम होताच.

आजींसाठी घडीचं स्टूल सोबत असायला हवं होतं. टपरीवाल्यांनी खुर्ची दिली म्हणून निभावलं. दर ठिकाणी टपरी असेलच असं नाही. स्वच्छतागृह कुठे हे आदल्या दिवशी शोधून चिठ्ठीवरच लिहून द्यावं, प्रश्नाच्या खाली.

चिठ्ठ्यांची पद्धत मी जशीच्या तशी ठेवीन, फक्त प्रत्येक प्रश्न दोन जोड्यांना देईन. एक जोडी अडकली तरी दुसरीकडून उत्तर येतं, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर चहा जास्त वेळ चालतो.

दौलताबाद पुढच्या हिवाळ्यासाठी ठरलं आहे. तिथे चढ आहे, म्हणून महाकोटापर्यंतच येणारे आणि वर जाणारे असे दोन गट आधीच लिहून घेतले आहेत. वेरूळ धरायचं तर मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. रेल्वेच की गावातून बस, यावर काकांचा कागद अजून यायचा आहे.